ह्यांची डिस्क

माझे पती लातूरच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे आणि मी तिथलाच सर्व्हर सांभाळते. रेकॉर्ड केलेल्या तासांना जागा पुरेना, तेव्हा ह्यांनी घरची एक डिस्क आणून दिली होती. मी ती आधीच्या डिस्कला जोडून दोघींचा एकच साठा केला. त्यातून ज्याला लागेल तेवढी जागा द्यायची, कमीजास्त करायची. कुठली फाइल कोणत्या डिस्कवर पडली, हे मग कुणी विचारत नाही.

हे गेले. तेरावं झाल्यावर मी कामावर गेले, घरी बसून तरी काय करणार होते? रडू येत नव्हतं. भेटायला येणारे रडत आणि मी त्यांना पाणी देत असे.

क्लासचे मालक म्हणाले, "वहिनी, सरांची डिस्क घरी घेऊन जावा. गेलेल्या माणसाची वस्तू आपण ठेवून घेऊ नाही. मी नवी आणलीय. अन् त्यांचे जुने तास पुसून टाका, सिलॅबस बदललाय."

माणूस मनाने भला. बोलता बोलता त्यांनी स्क्रू खोलायला हातही घातला.

"थांबा," मी म्हणाले. ह्यांचे तास दोन्ही डिस्कवर विखुरलेले होते. एक उपसली असती तर दोन्हीकडे नुसते तुकडे उरले असते. आणि ह्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. फोनमध्ये फोटो होते, पण घरात बोलणाऱ्या माणसाला कोण रेकॉर्ड करून ठेवतं?

मी नवी डिस्क साठ्यात घेतली. बाकीचं सगळं तिच्याकडे सरकवलं आणि ह्यांचे तास तेवढे ह्यांच्या डिस्कवर गोळा केले. सर्व्हर चालू ठेवून हे करता येतं. तिकडे मुलं दुसऱ्या सरांचे तास बघत होती, कुणाचं काही अडलं नाही. मग ती डिस्क साठ्यातून वेगळी काढली. आमच्या भावकीत इतकी सरळ वाटणी कधी झाली नाही, असं मनात आलं. हसू मात्र आलं नाही.

घरी सासूबाई होत्या, अहमदपूरकडच्या गावाहून आलेल्या.

"काय हाय त्येच्यात?"

"ह्यांचं शिकवणं."

"मग लाव की."

मी डिस्क लॅपटॉपला जोडली. घर्षणाचा तास लागला. फळ्यावर लिहून हे वळले आणि नेहमीसारखं विचारलं, "समजलं का, मागच्यांना?"

सासूबाईंनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. त्यांनी पदर सावरून मान हलवली. "हाव, समजलं."

माझ्याने ते बघवेना. मी बंद करायला हात पुढे केला.

"न्हाई, ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "बोलायलाय ना त्यो."