मजेतला जबडा

माझ्या रूममेटइतका निश्चिंत माणूस सातारा-सांगली या दोन्ही जिल्ह्यांत दुसरा झाला नसेल, असं त्याचं स्वतःचं ठाम मत होतं. त्याच्या जबड्याचं मत मात्र वेगळं होतं. सांगलीला दंतवैद्यक शिकताना आम्ही हॉस्टेलवर एका खोलीत राहायचो. गडी कडेगावचा. जांभई दिली की कानापुढच्या सांध्यातून असा 'टक्' आवाज यायचा की मेसमध्ये पलीकडच्या टेबलावरची पोरं वळून बघायची. झोपेत इतके दात खायचा की साखर कारखान्याचा हंगाम आमच्याच खोलीत सुरू झालाय असं वाटावं. घरून ऊस आला की कोयता बाजूला ठेवून दातांनीच सोलायचा. त्यात एकदा पुढच्या दाताचा कोपरा उडाला, तर "ह्यो दातच मुळात कच्चा हुता" म्हणून मोकळा!

जबड्याचा सांधा तपासायला शिकताना अख्खा वर्ग त्याच्याच कानापुढे बोटं लावायचा आणि हा देवळातल्या मूर्तीसारखा बसून सेवा करून घ्यायचा. जबडा दुखणारा पेशंट आला की, "झोप लागती का? घरात काय बिनसलंय का?" असं मायेनं विचारायचा. "आणि तुझं रे?" म्हटलं की, "मला रं कसलं टेन्शन? लय मजेत हाय मी!" हे कधी, तर तिसऱ्या वर्षाला एका विषयात नापास होऊन घरी 'पास झालो' असं सांगितल्यावर! त्याचे वडील, आबा, फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी गल्लीभर पेढे वाटले आणि सरांनाही द्यायला रविवारी सांगलीला येतो म्हणून फोन केला. त्या दिवसापासून याचं तोंड बोटभरसुद्धा उघडेना. वडापाव कुस्करून खायला लागला, पण मजेतच.

त्याच्या आदल्याच आठवड्यात आम्ही एकमेकांच्या दातांची मापं घेऊन प्लास्टरचे साचे केले होते. नावं घालायचा सगळ्यांनीच कंटाळा केलेला. यानं टेबलावरचा एक साचा उचलला आणि दातांवर दात दाबूनच व्याख्यान सुरू केलं, "बघा रं, दाढा कशा सपाट झाल्यात. ह्यो गडी कायतरी दडवतोय. आतनं लय घाबरलाय बिचारा. बोलून टाक म्हणावं त्येला." एवढ्यात त्याचा अंगठा साच्याच्या पुढच्या दातावर गेला. कोपरा उडालेला होता. मला हसू फुटणार होतं, पण त्याचं तोंड बघून हसवेना.

तो तसाच व्हरांड्यात गेला. मीही मागोमाग गेलो. त्यानं फोन लावला.

"आबा, पेढं आणू नगासा. मी नापास झालोय."

पलीकडून आबांचा कवायतीचा आवाज मलाही ऐकू आला, "मग केल्यालं पेढं काय वाया घालवू व्हय? आणतो, पोरांत वाट. जेवलास का?"

रविवारी यानं अख्खा पेढा एका घासात तोंडात टाकला. टक् वाजलं, आणि आबा दचकले.

आता त्याचा कडेगावात दवाखाना आहे. मी साताऱ्यात एकटा राहतो. हल्ली सकाळी उठलो की माझाही जबडा धरतो. परवा फोनवर सहज बोलून गेलो, तर लगेच म्हणाला, "कुणाला काय सांगायचं ऱ्हायलंय रं गड्या?"

"छे, मी मजेत आहे," म्हणालो.

फोन ठेवल्यावर मात्र त्याची फार आठवण आली. शेजारच्या खाटेवर तो कारखाना सुरू असता, तर मला झोप लागली असती.