नदी हिरवी दिसत होती

सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत काय शिकवतात, असं महाडात कुणी विचारलं की मी ऐटीत सांगायचे, "प्रोग्राम लिहायला." आता सांगते, भ्यायला शिकवतात. आणि फार उशिरा शिकवतात, याचा मला अजून राग येतो.

आमची पिठाची गिरणी बाजारपेठेत, नदीकडच्या उताराला. पावसाळ्यात पोलादपूरची आत्या सकाळ-संध्याकाळ फोन करायची. सावित्री नदी आधी तिच्या गावच्या पुलाखालून जाते, मग आमच्याकडे येते. "दादा, पानी चढतंय रे," असं ती म्हणाली की बाबा गिरणीची मोटार सोडवायचे, साखळीने माळ्यावर चढवायचे आणि मगच घर गाठायचे. मोटार वर गेल्याशिवाय ते जागचे हलत नसत. आई डोकं आपटून घ्यायची, पण उपयोग शून्य.

तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टला आमच्या गटाने आत्याचं हे काम यंत्रावर सोपवलं. आत्याच्या पुलाला पाण्याची उंची मोजणारं यंत्र आणि मोबाईलवर हिरवा, पिवळा, लाल रंग. प्रयोगशाळेत यंत्राखाली बादली ठेवून पाणी ओतलं, रंग भराभर बदलले, परीक्षक खूश झाले. बाबा तर दळणाला येणाऱ्या प्रत्येकाला मोबाईल दाखवत सुटले. आत्याला म्हणाले, "तू आता कशाला तसदी घेतेस? पोरीनं सोय केली हाय." आत्या फुरंगटली आणि तिने फोन करायचे सोडले. मला तेव्हा नुसता अभिमान वाटला.

चौथ्या वर्षी, भर पावसाळ्यात, टेस्टिंग हा विषय सुरू झाला. पहिल्याच तासाला मॅडमनी विचारलं, "समोरून उत्तर आलंच नाही, तर तुमचा प्रोग्राम काय करतो?"

बाहेर रात्रीपासून पाऊस कोसळत होता. मी बाकाखाली मोबाईल उघडला. हिरवा. मग लॅपटॉपवर आमचा कोड उघडला. यंत्राकडून काही आलं नाही, तर प्रोग्राम शेवटचा आकडा तसाच दाखवत राहायचा. बादली भरताना वायर काढून बघायचं कुणाला सुचलंच नव्हतं. शेवटचा आकडा आदल्या संध्याकाळचा होता.

मी वर्गाबाहेर पळाले आणि बाबांना फोन लावला. "बाबा, मोटार राहू दे, आधी घरी जा!"

"अगो, हिरवं हाय की. आत्ताच बघितलं."

"ते कालचं आहे. यंत्र बंद पडलंय. पुलाखाली काय चाललंय ते कुणालाच कळत नाहीये."

ते हसले. "मग पास कशी झालीस गो?"

"आत्याचा फोन आला होता का?"

"ती कशाला करेल? मीच नको म्हटलं ना." मग म्हणाले, "थांब जरा. मागच्या दाराशी कसला आवाज येतोय, बघतो."

फोन त्यांनी चालूच ठेवला होता. त्यांची पावलं मला ऐकू येत होती. आधी फरशीवर, मग पाण्यात.