ट्रॅक्टरचं पोट

कोणतीही वस्तू हातात आली की मिस्त्रीकाका आधी ती उलटी करायचे. खरी गाडी उलटी करता येत नाही, म्हणून ते स्वतःच तिच्याखाली सरकायचे. "वरून तं सगळ्याच चांगल्या दिसते," ते म्हणायचे, "आधी पोट पाह्य."

तेलंगणातल्या नेरडीगोंड्याला हायवेच्या कडेला त्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. असे मिस्त्री तुम्हीही पाहिले असतील; त्यांच्या शर्टाचा मूळ रंग कोणालाच माहीत नसतो. मी त्यांचा शेजारी, इथल्याच शाळेत शिकवतो. लहानपणी मी गावाहून सायकलनं याच शाळेत यायचो. चेन उतरली की काका हातातला ट्रॅक्टर सोडून ती बसवून द्यायचे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. त्या वाटेवर ज्यांचे हात लागले, त्यांत त्यांचा उजवा हात होता.

दोन वर्षांपूर्वी लकव्यानं तोच हात धरला. चालणं-बोलणं सुधारलं, बोटं मात्र जुळेनात. आदिलाबादला व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना रबरी चेंडू दिला. काकांनी तो दोनदा दाबला आणि परत केला. "हा दाबून काय निघते? ना तेल, ना हवा."

"मग बोटांना बारीक काम द्या," बाई म्हणाल्या.

काकांना एकच विचारायचं होतं. "पाना धरता येईन का?"

"पाहू."

त्या 'पाहू'वर सगळं गॅरेज अडकलं होतं.

मी बाजारातून प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचा ट्रॅक्टर आणला. चित्रं पाहायची आणि ठोकळे एकमेकांत दाबून बसवायचे. खेळणं पाहून काका चिडतील, अशी भीती होती. त्यांनी खोकं उलटं करून खालून पाहिलं आणि उघडलं. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर तयार! मला आनंद झाला, तेवढ्यात काकू आतून म्हणाल्या, "डाव्या हातानं केला सगळा. इचार त्यायले."

डॉक्टरीणबाईंनीही ते ओळखलं. "कुडि चेय्यी, मिस्त्री गारू! उजवा हात!"

मग तो उजव्या हातानं खोलून पुन्हा जोडायचं ठरलं. पण तोवर काकांनी त्याचं पोट पाहून घेतलं होतं. "मास्तर, ह्या ट्रॅक्टरनं कधी बांध पाह्यला नाही," ते म्हणाले. त्यांनी पुढचं एक चाक काडेपेटीवर चढवलं. पुढचं दुसरं हवेत लटकलं. खऱ्या ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सल मधोमध एका पिनेवर डोलतो, म्हणून बांध ओलांडताना चारही चाकं जमीन धरतात. याचा ॲक्सल ताठ होता.

"एखादा ठोकळा कापू का?" मी विचारलं.

"कापाचं नाही. कापून तं कोनीबी बसवते. हाय त्यातच जमव."

भाग कमी पडले, म्हणून मी तसलाच एक ट्रक आणून दिला. त्यांनी तो जोडलाच नाही. सगळे ठोकळे बिस्किटाच्या डब्यात ओतले. आठवडाभरात ॲक्सल डोलायला लागला, पण अडखळत. तेव्हा त्यांनी आयुष्यभर केलं तेच केलं. काकूंच्या शिलाई मशीनची कुपी घेतली आणि सांध्यासांध्याला तेल सोडलं.

सकाळी ट्रॅक्टर उचलला, तर चाकं हातात आणि बॉनेट जमिनीवर.

"काऊन तेल पाजलं त्याले?" काकू हसू दाबत म्हणाल्या.

हे ठोकळे घर्षणानंच एकमेकांना धरून राहतात, हे मी वर्गातल्या आवाजात समजावलं. काका एक ठोकळा बोटांत चोळत राहिले. "आयुष्यभर ह्या घासण्याशी भांडलो मी," ते म्हणाले, "अन् ही गाडी त्याच्यावरच उभी हाय!" मग एकेक ठोकळा साबणाच्या पाण्यात उजव्या हातानं धुतला गेला. चेंडूनं झाला नसता एवढा व्यायाम त्या तेलानं करवून घेतला.

त्यानंतर एका सकाळी त्यांनी गॅरेज उघडलं आणि मला बोलावलं. आत उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या चाकाच्या नटाला त्यांनी उजव्या हातानं पाना लावला. तो नीट बसला. मग जोर दिला. बोटं उघडली, पाना फरशीवर पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा त्यांनी तो उचलून फडक्यानं पुसला आणि खिळ्याला टांगला.

"बारीक काम येते. जोराचं नाही येत."



आता ते ठोकळेही सोडून देतील असं मला वाटलं. चार दिवसांनी कुंपणापलीकडून हाक आली, "मास्तर, काडेपेटी घेऊन ये."

ओसरीवर ट्रॅक्टर उलटा पडला होता. मधली एकच पिन बसवायची राहिली होती. काकांनी डावा हात मांडीखाली दाबून धरला होता, मध्ये येऊ नये म्हणून. उजव्या अंगठ्यानं त्यांनी पिन रेटली. निसटली. पुन्हा रेटली. काकू दारात थांबल्या होत्या. मग टक् असा आवाज आला. पिन जरा तिरपी बसली, पण बसली.

पुढचं एक चाक काडेपेटीवर चढलं. बाकीची तिन्ही जमिनीवरच राहिली.

"आता पाह्यला यानं बांध," काका म्हणाले.

दिवाळीनंतर त्यांनी गॅरेज बंद केलं आणि दोघं लेकीकडे किनवटला राहायला गेले. जाताना ट्रॅक्टर मला दिला, उरलेल्या ठोकळ्यांचा डबा मात्र पिशवीत घातला.

"डबा कशाले, काका?"

"तिथं नातीचा जेसीबी हाय. पोट पाह्यलं मी त्याचं."

ट्रॅक्टर माझ्या टेबलावर असतो. येणारेजाणारे लाल बॉनेटचं कौतुक करतात. मी तो उलटा करून त्यांच्या हातात देतो. पिन अजून तिरपीच आहे. मी ती सरळ केलेली नाही.