गंगम्माचा जड हात

मुरुडात कुणाच्या खिडकीचा पल्ला पावसाळ्यात फुगला, कुणाचा सांधा उकलला, की माणूस गुरुलिंगअप्पाच्या दुकानाकडे वळतो. एक्केचाळीस वर्षांचा हा रिवाज. अप्पा पल्ला हातात घेतो, उलटा-सुलटा करून बघतो आणि आधी घरमालकाची हजेरी घेतो. "ह्याला रंग कधी दिलता? पोराच्या बारशाला? पोरगं कॉलेजात गेलं की आता!" एवढं बोलून झालं की मग झिजलेली खालची पट्टी काढतो आणि नवी सागवानी पट्टी अशी बसवतो की जुनं कुठं संपलं आणि नवं कुठं सुरू झालं, ते बोट फिरवून कळत नाही.

आता अशा माणसाच्या स्वतःच्या घराच्या खिडक्या कशा असतील? विचारूच नका. चार खिडक्या, आठ पल्ले. त्यातला एक सुतळीनं बांधलेला, दोन तारेनं आवळलेले, एकाच्या फळीत उंदराला ये-जा करता येईल एवढं भोक. सगळ्यात वाईट दशा स्वयंपाकघरातल्या खिडकीची. तिचा डावा पल्ला एका बिजागरीवर लोंबायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो ह्या घरात चांगला ऐसपैस पाय पसरून बसला होता. बरं, अप्पानं मनावर घेतलं नव्हतं असंही नाही. तीनदा त्यानं घरच्या खिडक्यांसाठी सागवान आणलं. तिन्ही वेळा कुणीतरी "अप्पा, परवा वास्तुशांती हाय हो" म्हणत आलं आणि लाकूड त्या घरी गेलं.

त्याची बायको गंगम्मा हे सगळं पाहत होती. ती रोज संध्याकाळी स्वयंपाकघराची खिडकी लावायची आणि ती लागताना असा धाडकन आवाज व्हायचा की समोरच्या श्रीमंतच्या चहाच्या हॉटेलात लोक म्हणायचे, सहा वाजले. "पल्ला लागतच न्हाई वो," असं ती पूर्वी म्हणायची. अप्पाचं उत्तर ठरलेलं. "नाचता येईना, अंगण वाकडं. हात जड हाय तुझा. हळू लाव की जरा." पुढं पुढं तिनं म्हणणंही सोडून दिलं.

यंदा थंडी पडली आणि चाकूरचे एक गृहस्थ नव्या घराच्या खिडक्यांचं काम घेऊन थेट घरी आले. मोठं काम होतं. अप्पा रंगात आला. आत गंगम्मानं चहा टाकला, वारं भणभणत होतं म्हणून खिडकी लोटली, आणि तो एका बिजागरीचा पल्ला सुटून थेट दुधाच्या पातेल्यावर आला. धाड! दूध ओट्यावरून जमिनीवर. पाहुणे दचकले. अप्पा हसत हसत म्हणाला, "काही न्हाई, काही न्हाई. आमच्या मंडळीचा हात जड हाय. एक्केचाळीस साल आपटून राह्यली, लाकूड तरी किती सोसंल?" पाहुणेही हसले. गंगम्मानं कोरा चहा आणून ठेवला. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, आणि ते अप्पानं पाहायला हवं होतं.

सकाळी तिची पिशवी भरलेली होती.

"बिलोलीला चालले, शांतम्माकडं," ती म्हणाली. शांतम्मा तिची धाकटी बहीण. "खिडक्या झाल्या की फोन करा. झाल्याबिगर मी यायची न्हाई."

"आगं पण येळवस आली की अकरा दिवसांवर!"

"येळवसला बी न्हाई."

हे ऐकून अप्पा दारात उभाच राहिला. लातूरकडच्या माणसाला येळवस म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मार्गशीर्ष सरता सरता येणारी ही वेळ अमावस्या. त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळी माणसं शेतात, कडब्याच्या कोपीपुढं, म्हणजे झोपडीपुढं, पंगती. कुणी कुणाच्याही शेतात जाऊन जेवावं. अप्पाचा तुकडा होता सव्वा एकराचा, पण त्याच्या शेतात येळवसला चाळीस पानं उठायची, ती गंगम्माच्या डाळी-भाज्या घोटून केलेल्या भज्जीसाठी आणि आंबिलीसाठी. तिच्याबिगर येळवस म्हणजे देवाबिगर देऊळच. आणि खरं सांगायचं तर भज्जी-आंबील हे लोकांना सांगायचं कारण झालं. लग्नानंतर एकही येळवस त्यानं तिच्याशिवाय केली नव्हती, आणि करायची त्याची छातीही नव्हती.

पहिले दोन दिवस तो ऐटीत राहिला. श्रीमंतच्या हॉटेलात जेवला, येईल की आपसूक म्हणाला. तिसऱ्या दिवशी श्रीमंतनं हळूच विचारलं, "अप्पा, औंदा वैनी न्हाईत तर आंबील कोन करनार?" त्याच दुपारी अप्पानं दुकानाचं अर्धं फाटक ओढून घेतलं आणि गिऱ्हाइकांना हात जोडले. "येळवस होऊस्तोर बंद. घरचं काम हाय." मुरुडात ही बातमी झाली.

मग मात्र सुतार जागा झाला. पुढच्या तीन खिडक्यांचे सहाच्या सहा पल्ले त्यानं उतरवले. चार दुरुस्तीजोगे होते. कुजलेल्या पट्ट्या कापून नव्या जोडल्या, ढिले सांधे उकलून पुन्हा ठोकले, बिजागऱ्या बदलल्या. दोन पार गेले होते, ते नवे केले. रंधा मारताना तो स्वतःशी गुणगुणायचा आणि मध्येच थांबून आत हाक मारायचा, "गंगे, बघ गं!" आतून उत्तर यायचं नाही. मग गुणगुणणं बंद व्हायचं. सात दिवसांत तीन खिडक्या लागल्या, नव्या नवरीसारख्या. एका बोटानं लोटावं आणि पल्ल्यानं गुमान चौकटीत जाऊन बसावं.

उरली स्वयंपाकघराची. येळवस तिसऱ्या दिवशी, हातात दिवस उरले दोन. कारण अमावस्येला सुतार हत्याराला हात लावत नाही. बापानं लावला नव्हता, आजानं लावला नव्हता. एवढ्या वेळात दोन नवे पल्ले होतील की नाही, ह्या चिंतेत त्यानं एक पाप केलं. लातूरच्या महांतेशला फोन लावला. हा महांतेश अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवतो. अप्पा त्याला चारचौघांत 'डबेवाला' म्हणायचा. पण स्वयंपाकघराची खिडकी मागच्या अंगाला होती. कुणाला दिसणार होतं?

महांतेश दुसऱ्या दिवशी सकाळी आला. टेप काढला, वर धरला, खाली धरला, कोनाकोनी धरला. मग मान हलवली.

"अप्पा, न्हाई बसायची. चौकट वाकडी हाय."

"वाकडी?"

"पाऊण इंचानं. रेडिमेड मधी अडकनार, सरकनार न्हाई." त्यानं चौकटीवर टिचकी मारली. "लाकूड झकास हाय, पन करनारा लई कच्चा मानूस दिसतोय. कोनी केलती?"

अप्पा म्हणाला, "बघतो मी, तू जा." चहासुद्धा विचारला नाही.

तो गेल्यावर अप्पानं घराचं दार आतून लावून घेतलं. सुतळी काढली, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणली, गाठ मारली. मग तीच सुतळी उरलेल्या दोन कोपऱ्यांवर धरली. गाठ पाऊण इंच बाहेर. पुन्हा धरली. पुन्हा पाऊण इंच. सुतळीला काय, तिला माणसाची इज्जत कळत नाही.

आणि मग त्याला आठवलं. हळदीच्या आदल्या दिवशी ही चौकट केली होती. घर नवं, लग्न डोक्यावर, शेवटची एक खिडकी राहिलेली. "गुण्या कशाला? माझा डोळाच गुण्या हाय," असं म्हणत त्यानं तेवीस वर्षांच्या मस्तीत काटकोन न तपासता ती ठोकली होती आणि गवंड्यानं भिंतीत चिणली होती. पुढं आयुष्यभर त्यानं गावाच्या चौकटी तपासल्या, ही एक कधी तपासली नाही. ही खिडकी त्यानं कधी लावलीच नव्हती. ते काम गंगम्माचं.

त्यानं उरलेला उजवा पल्ला लोटून पाहिला. वरच्या कोपऱ्यात अडला. जरा जोर दिला. अडला. शेवटी तळहातानं धाडकन हाणला तेव्हा बसला.

समोरून श्रीमंतची आनंदानं हाक आली, "अप्पा! वैनी आल्या का?"

अप्पा ओट्याला टेकून खाली बसला. अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि नाचणारीला त्यानं एक्केचाळीस वर्षं बोल लावला होता. स्वतःच्या घरात, पाहुण्यांसमोर, हसत हसत. त्याला स्वतःची लाज वाटली, एवढी की समोर कुणी नसताना त्यानं तोंड पंच्यानं पुसलं.

मग तो उठला आणि पहारीनं ती चौकटच भिंतीतून काढली.

चतुर्दशीच्या संध्याकाळपर्यंत नवी चौकट तयार झाली, ह्या खेपेला चार वेळा गुण्या लावून. पण ती भिंतीत बसायची होती, आणि पल्ल्यांचं तर लाकूडही कापलं नव्हतं. दिवस मावळला. त्यानं हत्यारं धुतली, पुसली, देवापुढं ठेवली. स्वयंपाकघराच्या भिंतीत हे एवढं भगदाड, त्यातून अख्खं परसदार दिसत होतं. "झाल्या खिडक्या," असं फोनवर म्हणाला असता तर बिलोलीहून कोण तपासायला येणार होतं? ती आली असती. भगदाड बघून काय म्हणायचं ते येळवस झाल्यावर म्हणाली असती. हा विचार त्याच्या मनात येऊन गेला, उगाच लपवत नाही.

फोन लागला.

"झाल्या का?" गंगम्मानं विचारलं.

"तीन झाल्या. सैपाकघराची न्हाई झाली. तू ये म्हनून फोन केला न्हाई." "गंगे, ती चौकट वाकडी निघाली. मीच वाकडी केलती. तुझा हात जड न्हाई."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"काय म्हनलात? परत म्हना."

त्यानं परत म्हटलं.

"थांबा, फोन मोठा करते. आता म्हना. शांतम्मा, ये, ऐक."

अप्पानं तिसऱ्यांदा म्हटलं. बिलोलीत बायका खो-खो हसल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. येते की नाही, ते काही ती बोलली नाही.

येळवसच्या सकाळी अप्पा एकटाच शेतात गेला. कोपीत पाच पांडव म्हणून चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडले, पूजा केली. श्रीमंतच्या घरून भज्जीचा डबा आला, बाजरीचे उंडे आले. पाहुणे जमायला लागले तसे सगळे विचारायचे, "वैनी?" आणि अप्पा ज्वारीकडे बघायचा. उन्हं डोक्यावर आली आणि बांधावरून एक बाई येताना दिसली, डोक्यावर मातीची बिंदगी, हातात पिशवी. पहाटेच्या पहिल्या गाडीनं निघाली होती. बिंदगीत आंबील होती.

"ही कधी केलीस?" अप्पानं बिंदगी उतरवून घेत विचारलं.

"काल सकाळीच. तुमच्या फोनच्या आधी," ती म्हणाली. "येळवसला यायची न्हाई म्हनून बोलले खरी, पन ऱ्हावंल का?"

पंगत बसली. वाढून झाल्यावर ती कोपीच्या सावलीत टेकली तेव्हा अप्पा तिच्याजवळ जाऊन बसला.

"तुला कळलं न्हवतं का गं, चौकट वाकडी हाय ते?"

"पयल्याच महिन्यात कळलं."

"आन् मग बोलली कामून न्हाईस?"

"तुमाला बोललेच की, ऐकलं कोन? आन् बाहेर कुनाला बोलू?" गंगम्मानं पदरानं कपाळ पुसलं. "तुमचं दुकान नवीन, नाव नवीन. सुताराची बायकोच म्हनली की माझ्या घरची चौकट वाकडी, तर गावानं तुमाला एक दार तरी दिलं असतं का? बाया इचारायच्या, गंगम्मा, रोज काय आपटतीस गं? मी म्हनायची, माझा हात जड हाय बया. तुमी बी तेच म्हनाया लागलात. ऱ्हाऊ दिलं. पन परवा त्या चाकूरवाल्याम्होरं लागलं मला. आता नाव झालं की तुमचं. आता कशाला?"

अप्पाला भरून आलं. जो शब्द तो आपला विनोद समजून इतकी वर्षं मिरवत होता, तो तिनं त्याच्यासाठी अंगावर घेतला होता, आणि त्या शब्दाच्या जिवावर मुरुडात त्याची दारं-खिडक्या उभ्या राहिल्या होत्या. त्याला तिथंच रडू कोसळेल असं वाटलं. रडण्याऐवजी तो उठून उभा राहिला आणि पंगतीकडे तोंड करून ओरडला, "ऐका रे समदे! हिचा हात जड न्हाई! चौकट मी वाकडी केलती!"

चाळीस माणसं उंडे हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली. श्रीमंतला ठसका लागला.

गंगम्मानं त्याचं धोतर धरून खाली ओढलं. "बसा खाली. लोकं जेवून राह्यलीत," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून हसू लागली, ते काही केल्या तिला आवरेना.