गाळात सापडली तिरफळं

गच्चीवर मासे पाळले की पालक कमी आणि किस्सेच जास्त उगवतात! आमच्या लालबागच्या बिल्डिंगवर तिलापियाची टाकी आहे. तिचं पाणी पालकाच्या वाफ्यांतून फिरून स्वच्छ होऊन परत येतं. मध्ये एक निळा ड्रम, माशांची घाण त्यात बसते. सगळी मारामारी त्या ड्रमचीच!

*

सुरुवातीला सावंतकाकांनी गाळणी म्हणून घरची मच्छरदाणी लावली. ती लगेच तुंबली आणि ड्रम गच्चीभर वाहिला. काका पायजमा वर धरून खुशीत ओरडत होते, "बघा, किती घाण पकडली!"

*

मग स्पंज आणले. काकांनी एका सकाळी ते ब्लीचिंग पावडरने घासून पांढरेशुभ्र केले. "एक जंतू ठेवला नाही!"

"अहो काका, ते आपले जंतू होते! घाणीचं खत तेच करतात!" माझा मित्र बाळा रडायलाच आला. मासे वर येऊन तोंडं उघडत होते. घरोघरच्या पिंपातलं, क्लोरीन उडालेलं कालचं पाणी आणून ओतलं, तेव्हा कुठे वाचले. काकांना आता स्पंजला हात लावायची बंदी आहे.

*

आणि हा तर कहरच! ड्रम रोज उपसला तरी दुसऱ्या दिवशी भरलेला, वर कुजका वास. सेक्रेटरी परबकाकूंनी मीटिंगमध्ये बॉम्ब टाकला, "रविवारपर्यंत वास जाऊक होयो, नायतर टाकी खाली करा. माशांचा काय करूचा ता मी बघतंय!"

त्या टाकीवर जीव जडला होता हो आमचा!

बाळाने गाळ चाळणीत धुतला. वर उरली भाताची शितं आणि माशाच्या आमटीत घालतात ती चक्क तिरफळं! "माशांना बांगड्याची आमटी-भात कोण घालतंय रे?"

सगळ्यांनी कानावर हात ठेवले. आणि तिरफळ नाही असं घर आमच्याकडे शोधून सापडायचं नाही. शेवटी टाकीवर जाळी टाकून कुलूप लावलं. ड्रम हलका झाला, पाणी निवळलं.

रविवारी कमिटी वर आली. जाळी काढली. काकूंनी नाक उडवलं, "अजून येताहा वास!"

संपलं सगळं! बाळाने माझा हात घट्ट धरला.

काकूंनी वाकून टाकीच्या कडेवर हात ठेवला. बांगड्या वाजल्या. आणि सगळेच्या सगळे मासे उसळत त्याच कोपऱ्यात, काकूंच्या हाताशी, तोंडं उघडून! आम्हाला बघून कधी असे आले नाहीत.

कमिटीने माशांकडे बघितलं, मग काकूंकडे.

काकू झटकन सरळ झाल्या. "नाय हो, वास गेलो. रवांदे टाकी!"