आईला आज हुरडा गोड लागला

मंडळी, आज सकाळी आम्ही मंगळवेढ्याला मामाच्या शेतावर हुरडा खायला गेलो होतो. थंडी मस्त पडली होती, पण माझं सगळं लक्ष आईकडं होतं.

दिवाळीत तिला ताप आला आणि तोंडाची चवच गेली. काहीही करून घातलं तरी म्हणायची, "माती खाल्ल्यासारखं लागतंय." दोन घास खाऊन ताट सरकवायची. पार वाळून गेली होती. डॉक्टर धीर देत होते, तरी आम्ही मनातून घाबरलो होतो.

मामानं आगटीत कणसं भाजली. मामीनं ती गरमागरम चोळून आईच्या पुढ्यात हुरडा ठेवला, सोबत शेंगदाण्याची चटणी. आईनं मूठभर तोंडात टाकला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडं बघत होतो.

"वैनी, चटणीत मीठ कमी पडलंय की!"

एरवी मामी रुसली असती. आज तिनं डोळ्याला पदर लावला. "व्हय वन्सं, आत्ता आणते!"

परत येताना गाडीत आई म्हणाली, "उद्या बाजरीची भाकरी कर गं. वर लोणी घाल." किती दिवसांनी तिनं स्वतःहून काही मागितलं!

तुमच्याकडं थंडीत खास काय करतात? सांगा, तिला करून घालते.