१९०१ सालचं दूध

दूध संकलन केंद्राचं शटर वर सरकवलं की यशया आधी मशिनमध्ये तारीख टाकायचा. आतली बॅटरी कधीच गेली होती. वीज गेली की मशिन दिवस विसरायचं. तारीख टाकल्याशिवाय तो एकाही कॅनचं झाकण उघडू द्यायचा नाही.

दुरुस्तीला आलेल्या इंजिनिअरने एकदा बोलता बोलता सांगितलं, की २०३८च्या जानेवारीत एका सकाळी कितीतरी जुन्या कॉम्प्युटरांची मोजणी भरून जाईल आणि ते थेट १९०१ सालात जाऊन पडतील. ते यशयाच्या डोक्यात बसलं. ही खोड दुरुस्त करणारी पुण्याची एक छोटी कंपनी त्याने हेरली. शेअर घ्यायचे ठरवले. पण घरात पैसे होते ते बायकोची, मरियमची जर्सी गाय विकून आलेले, आणि तिला दुसरी गाय हवी होती.

"तारखेवर कुनी पैसं लावतं व्हय?" मरियम म्हणाली.

यशयाने वाद घातला नाही. तिला केंद्रावर नेलं आणि मशिनची तारीख त्या सकाळपर्यंत पुढे सरकवली. दोघं बाकावर वाट बघत बसली. थोड्या वेळाने पावती निघाली. साल १९०१.

"आवो, तवा माझी सासू बी जन्मली नव्हती!" मरियमला हसू आवरेना. मग तिने विचारलं, "बुडलं तर?"

"बुडंल बी. म्हनून तर तुला इचारतोय."

तिने होकार दिला. त्या आनंदात यशया तारीख मागे आणायला विसरला, आणि संध्याकाळी गावाचं सगळं दूध १९०१ सालात जमा झालं. दुसऱ्या दिवशी त्याने एकेकाची नोंद दुरुस्त केली, घरोघर जाऊन माफी मागितली.

शेअर घेतले, आणि वर्षभरात ते निम्म्यावर आले. केंद्रावर दूध घालणारा भीमा चौकातूनच ओरडला, "सलाम, यशयादादा! १९०१चं दूध नासलं का?"

"नासलं न्हाई रं, इरजन लागतंय!"

घरी मात्र तो मरियमसमोर बसला. "गाय तुझी हुती. तू म्हन, उद्या शेअर इकतो."

मरियमने त्याच्याकडे पाहिलं. विसरभोळ्या मशिनला रोज न चिडता दिवस सांगणारा हा माणूस. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "लागू द्या इरजन."

गेल्या हिवाळ्यात यशया गेला. भाव अजून पूर्ण सावरलेला नाही. मरियमने एकही शेअर विकलेला नाही. केंद्राचं शटर आता ती उघडते. छातीत कळ आली त्या पहाटे त्याला जीपमध्ये बसवलं, तेव्हा तीही शेजारी चढायला लागली होती. त्याने हातानेच तिला थांबवलं.

"तू कुठं निघाली? दुधाची येळ झाली. जा, तारीख टाक आधी."